अर्धा लिटर तेल

"डोळं मीट आन् वाच," असं म्हणून उस्तादांनी पिस्टन माझ्या तळहातावर ठेवला.

मी डोळे मिटून बोटं फिरवली. एका अंगाला खरखर लागली, बाकी सगळा गुळगुळीत.

"एकाच बाजूनं घासलाय, उस्ताद. धूर जातो त्या बाजूनं."

"मंजी?"

"हवा जास्त, पेट्रोल कमी. लई तापला."

"आन् चार उभ्या रेघा लागल्या तर?"

"घट्ट बसवला."

"आन् सगळीकडनं घासला असंल तर?"

"तेलच न्हवतं."

"उघड डोळं. लगा, शिकाय लागलायस तू." आणि हवालदार मायाप्पा खिलारे यांनी माझ्या टोपीवर टपली मारली. त्यांच्याकडून कौतुक म्हणून एवढंच मिळायचं. मेडल तरी लवकर मिळेल, असं आम्ही म्हणायचो.

ही सत्त्याण्णव सालच्या जानेवारीतली गोष्ट. सोळा हजार फुटांवरचा बर्फातला तळ, आणि त्या तळावर पत्रा आणि ताडपत्री जोडून केलेलं आमचं वर्कशॉप. वर्कशॉप म्हणजे एक टेबल, एक बुखारी आणि आम्ही दोघं. बुखारी ही रॉकेलवर चालणारी शेगडी. तिच्यापासून चार पावलं लांब गेलं की दाढीतला घाम गोठायचा. उस्ताद आटपाडीकडचे, मी विट्याचा सर्जेराव निकम. मेंढरांमागं वाढलेला तो माणूस फौजेत येऊन इंजिनचा इतका जाणकार कसा झाला, हे कोणालाच कळलं नव्हतं. ते म्हणायचे, मेंढरू आणि इंजिन दोन्ही मुकी, पण दोन्ही खोटं बोलत नाहीत.

आमच्याकडे दोन स्नो स्कूटर होत्या. पुढं बर्फावर घसरणाऱ्या दोन पट्ट्या, मागं रबरी पट्टा आणि मध्ये दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन. डिसेंबरात एक दरडीखाली गेली. राहिली एक, ती लान्स नाईक भैरू कोवाडकर चालवायचा. वरच्या चौकीला रॉकेल, डबे, पत्रं पोचवायची आणि आजारी माणूस खाली आणायचा, तर तिच्यावरच. चौकी नऊ किलोमीटर वर होती. पायी गेलं तर अख्खा दिवस, तोही हवा बरी असली तर.

टू-स्ट्रोकला तेल वेगळं घालावं लागत नाही, ते पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. पुण्यात लूना चालवणारी बाईसुद्धा हे जाणते. पण तिथं उणे तीसमध्ये ते निळं तेल काकवीसारखं घट्ट व्हायचं आणि पेट्रोलमध्ये मिसळायचंच नाही. म्हणून आधी ते बुखारीवर कोमट करायचं, मग वीस लिटरच्या जरीकॅनमध्ये ओतायचं आणि कॅन दहा मिनिटं हलवायचा. तेल घातलेला आणि न घातलेला कॅन बाहेरून सारखाच दिसतो. उस्तादांचा त्यावर कायदा होता. तेल घातलं की कॅनच्या मुठीला चिंधी बांधायची. चिंधी असेल तोच कॅन स्कूटरमध्ये ओतायचा. कंपनी कमांडरनं सांगितलं तरी बिनचिंधीच्या कॅनला हात लावायचा नाही.

वरच्या चौकीवर टेलिफोनला सोपान गुंजाळ होता, जतकडचा. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. मी तळावर यायच्या आधीच तो वर गेलेला. रोज संध्याकाळी पाच वाजता तो लाईन तपासायला फोन फिरवायचा आणि विचारायचा, "काय आचारी, काय शिजलंय खाली?"

पहिल्या दिवशी त्यानं असंच विचारलं होतं आणि मी ठोकून दिलं होतं, भरलं वांगं आणि भाकरी. खरं तर तेव्हा मी डब्यातलं अननस खात होतो. महिनाभर आम्हाला भाजीचं पान दिसलं नव्हतं. पण तिकडून तो "आई शप्पत!" असं काही कळवळून म्हणाला, की दुसऱ्या दिवशीही मला खरं सांगवेना. मग रोज नवीन. आज शेपू, आज मटकीची उसळ, आज पाटवड्यांची आमटी. मंगळवारी मात्र वांगंच, कारण त्याला ते आवडायचं. तेव्हापासून माझं नाव आचारी पडलं. उस्ताद शेजारी बसून हे ऐकायचे आणि मान हलवायचे. "भरल्या वांग्यात कूट किती घालतोस, ते बी सांग की त्याला," म्हणायचे.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात स्कूटरच्या पिस्टनवरची रिंग तुटली. आम्ही इंजिन उतरवून टेबलावर उघडलं आणि त्याच दिवशी सोपानचा फोन आला नाही. दुसऱ्यानं केला. सोपानला दम लागत होता, आडवं झोपता येत नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी इकडून चार प्रश्न विचारले आणि रिसीव्हर खाली ठेवला. "फुफ्फुसात पाणी झालंय. औषध एकच, त्याला खाली आणा," ते म्हणाले. वर ऑक्सिजनचं एकच सिलिंडर होतं, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरणारं. हेलिकॉप्टरला ढगांमुळं चार दिवस वाट नव्हती. कंपनी कमांडर साहेबांनी उस्तादांकडं पाहिलं.

"उद्या धाला देतो, साहेब," उस्ताद म्हणाले.

त्या रात्रीचं फार सांगत नाही. आम्ही झोपलो नाही एवढंच. नवे पिस्टन, नव्या रिंगा. उस्तादांनी प्रत्येक रिंग सिलिंडरमध्ये सरकवून फट पातीनं तीनतीनदा मोजली. पिस्टन बसवताना त्याला आपल्या तळहातानं तेल चोपडलं, बाळंतीण पोराला चोपडते तसं. उजाडल्यावर इंजिन सुरू केलं. नव्या इंजिनला एकदम जोर द्यायचा नसतो. गरम करायचं, बंद करायचं, हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. असं तीनदा. वर माणूस घुसमटत असताना गार इंजिनाशेजारी नुसतं बसून राहणं काय असतं, ते बसल्याशिवाय कळायचं नाही. मी एकदा म्हणालोसुद्धा, "दोनदा बास झालं की, उस्ताद."

"वाटंत बंद पडलं तर तुझ्या पाठीवर आणशील का त्याला?"

 तिसऱ्यांदाही इंजिन एका दणक्यात सुरू झालं. आवाज असा लागला की उस्तादांनी डोळे मिटले.

"आता टाकी भर. रोजचं पंचवीस लिटरला अर्धा नको, नवं इंजिन हाय, वीस लिटरलाच अर्धा लिटर तेल घाल. चिंधी बांध. मी साहेबांना सांगून येतो." आणि ते गेले. साडेनऊ झाले होते.

मी डेपोतून कॅन आणायला गेलो. माझ्या उजव्या हाताचा मोजा रात्रीच्या कामात फाटला होता. त्या थंडीत उघड्या हातानं लोखंड धरलं की कातडं तिथंच राहतं. मी खिशातली चिंधी काढली, कॅनच्या मुठीला गुंडाळली, गाठ मारली आणि कॅन उचलून आणला. पेट्रोल आत न्यायचं नसतं म्हणून दारापाशी, स्कूटरच्या शेजारी ठेवला. आत येऊन तेल मोजून डब्यात घेतलं आणि डबा बुखारीवर ठेवला. दोन मिनिटांचं काम होतं.

तेवढ्यात फोन वाजला. फोन पलीकडच्या बंकरात होता. मी पळत गेलो.

"आचारी..." त्याचा आवाज ओळखू आला नाही. पाण्यात फुंकर मारल्यासारखा येत होता. "काय... शिजलंय?"

"बोलू नगंस तू. स्कूटर तयार हाय. भैरू निघाला बघ."

"सांग... की."

"भरलं वांगं," मी म्हणालो. "मंगळवार हाय न्हवं आज. तू खाली ये, ताट वाढून ठेवतो."

तो काहीतरी म्हणाला, पण मला ते कळलं नाही. मी "हॅलो, हॅलो" करत राहिलो. दुसऱ्या कोणीतरी फोन घेतला, "त्याला धीर वाटला, अजून जरा बोल" म्हणाला आणि रिसीव्हर परत त्याच्या कानाला लावला. मी बोलत राहिलो. वांगं कसं चिरायचं, मसाला कसा भरायचा, माझी आई कशी करायची ते सगळं. आठ-दहा मिनिटं झाली असतील.

परत आलो तर दारात स्कूटर नव्हती. रिकामा कॅन आडवा पडला होता, मुठीला माझी चिंधी. भैरू आला असणार. त्यानं चिंधी पाहिली असणार, टाकी भरली असणार आणि हवा उघडी दिसताच निघाला असणार. त्यानं काहीच चूक केली नव्हती. आत बुखारीवर डब्यात अर्धा लिटर निळं तेल छान कोमट होऊन बसलं होतं.

हे इथंच सांगून टाकतो. इथवरची चूक कुणाकडूनही झाली असती. पुढचं माझ्याकडूनच झालं. भैरूच्या छातीवर वॉकीटॉकी होता. टेबलावर दुसरा होता, माझ्यापासून हाताच्या अंतरावर. बटण दाबून "भैरू, इंजिन बंद कर, मागं ये" एवढंच म्हणायचं होतं. तो किलोमीटरभरावर असेल. तेल घालून परत निघाला असता तर फार तर तासभर गेला असता. मी वॉकीटॉकी उचललासुद्धा. मग मनाशी म्हटलं, उस्तादांनी आत भरपूर तेल चोपडलंय. टाकीत मघाचं थोडं उरलं असेल. गार हवा आहे. जाईल, नऊ किलोमीटर काय एवढं. सगळ्या तळासमोर मी माती खाल्ली हे सांगायला जीभ उचलेना. वॉकीटॉकी खाली ठेवला. डबा घेऊन बंकराच्या मागं गेलो, तेल बर्फात ओतलं आणि वर बुटानं बर्फ ओढला.

सव्वाअकराला भैरूचा निरोप आला. सहाव्या किलोमीटरला इंजिन एकदम जाम झालं. तो पायी वर निघाला. वरून चौघांनी सोपानला स्ट्रेचरवर घेऊन उतरायला सुरुवात केली. बंद पडलेल्या स्कूटरपाशी ते पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते, आणि सोपान गेला होता.

दुसऱ्या दिवशी त्याला खाली आणलं. मी त्याचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा पाहिला. त्याला मिशी होती. आवाजावरून मला वाटायचं, पोराला अजून मिसरूडही फुटली नसेल.

चौथ्या दिवशी दोरांनी ओढून स्कूटर आणली. उस्तादांनी मला इंजिनाला हात लावू दिला नाही. स्वतः सिलिंडर काढला, पिस्टन काढला आणि खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिला. मग इंजिनाच्या पोटात बोट घातलं आणि अंगठ्यावर चोळून पाहिलं.

"तेल घातलंवतंस?" माझ्याकडं न बघता त्यांनी विचारलं.

"घातलंवतं, उस्ताद."

"किती?"

"अर्धा लिटर. तुमी सांगिटल्यालं तेवढं."

"चिंधी?"

"बांधली व्हती. भैरूला इचारा की."

"बरं," ते म्हणाले. पिस्टन फडक्यात गुंडाळून त्यांनी कोटाच्या खिशात टाकला. तेवढंच.

चौकशी बसली. उस्ताद तीन अधिकाऱ्यांसमोर सावधान उभे राहिले आणि म्हणाले, "पिस्टन घट्ट बसला, साब. रात का काम था, जल्दी हो गयी. गलती मेरी है." त्यांची नायब सुभेदारी त्या वर्षी नक्की होती, ती गेली. एप्रिलात पेन्शनीचे कागद झाले आणि ऑगस्टात ते हवालदार म्हणूनच घरी गेले. जाताना माझ्या टोपीवर टपली मारली नाही.

मला काय वाटलं ते सांगतो. वाटलं, सुटलो. उस्तादांना खरंच पटलंय की त्यांचा हात चुकला. वाईट वाटायचं, पण मी स्वतःला समजवायचो की त्यांना पटलंय तर आता उकरून काय उपयोग. कोंबडं झाकून ठेवलं की उजाडत नाही, अशी माझी समजूत. त्या समजुतीवर मी बावीस वर्षं काढली. पेन्शन घेऊन विट्यात गॅरेज टाकलं. लग्नकार्यात आटपाडीकडं जायची वेळ आली की मी बायकोला पाठवायचो.

परवाच्या दिवाळीनंतर एक गिऱ्हाईक गाडी दुरुस्तीला घेऊन आलं. खिलाऱ्यांच्या वस्तीवरचं. म्हणालं, "आमच्या आण्णांनी निरोप दिलाय. डोळं गेलं त्यांचं, काचबिंदूनं. सर्ज्याला म्हनावं, यीऊन जा."

गेलो. उस्ताद अंगणात बाजेवर बसले होते. अंगानं वाळले होते, पण पाठ ताठ. मी पायाला हात लावला तर त्यांनी माझा हात धरला आणि बोटं चाचपली.

"अजून ग्रीस हाय नखात. काम करतोस म्हन की."

"करतो, उस्ताद."

"बस." त्यांनी सुनेला चहा ठेवायला सांगितला आणि उशाखालून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. फडकं सोडून माझ्या तळहातावर ठेवलं. मला बघायची गरज नव्हती, वजनावरूनच कळलं.

"डोळं मीट," ते म्हणाले. "आन् वाच."

मी डोळे मिटले. बोटं फिरवली. उस्तादांनी मला शिकवलं तसं, वरून खाली, मग गोल. चार उभ्या रेघा कुठंच नव्हत्या. एका अंगाची खरखर नव्हती. पिस्टन सगळीकडून घासला होता, जिथं बोट ठेवीन तिथं.  ज्या माणसानं मला हे वाचायला शिकवलं, त्याला ते वाचता आलं नाही असं मी बावीस वर्षं मानत होतो.

"सांग," उस्ताद म्हणाले.

"तेलच न्हवतं, उस्ताद."

"हं."

"मी बुखारीवर ठेवलंवतं. फोन आला. चिंधी हाताला कातडं चिकटू नये म्हणून..." आणि मग मी सगळं सांगितलं. वॉकीटॉकीचंही. रडू येत होतं आणि ते मी आवरलं नाही.

उस्ताद ऐकत राहिले. मग म्हणाले, "बंकराच्या मागं तू वतल्यालं तेल. ऊन पडलं की काळंनिळं आधी तापतं. आठ दिसांनी बर्फाला भोक पडलं. निळं भोक."

"तवाच कळलंवतं तुमाला?"

"त्याच्या आधी. बोट घातलं तवाच."

"मग चौकशीत का तसं..."

"तू सांगशील म्हनून थांबलो. चौकशीच्या आदल्या सांजंपतूर थांबलो. तुला म्हनालो न्हाई, कारण मी बोलून तू कबूल केलं, तर त्याचा काय उपेग?" त्यांनी आंधळे डोळे माझ्याकडं वळवले. "आन् माझी बी चूक व्हतीच. चिंधीचा कायदा माझा. चिंधी कुनी बी कशाला बी बांधतो, हे मला सुचाय पायजे व्हतं. पर माझं तेवढंच व्हतं, सर्ज्या. बाकीचं तुझं तू न्यायचंस."

चहा आला. आम्ही तो प्यालो. मग ते म्हणाले, "पेन्शनीला आल्यावर मी त्याच्या आईकडं गेलोवतो. जतच्या पल्याड. सांगिटलं, मशीन माझ्या हातनं बिघडलं."

"काय म्हनाली?"

"पानी दिलं. जेवू घातलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं." त्यांनी कप चाचपत खाली ठेवला. "हाय ती अजून. पिस्टन घिऊन जा. मला आता काय करायचाय."

दुसऱ्याच दिवशी निघालो. जतपासून पुढं वडापची जीप, मग पायवाट. मळ्यातलं पत्र्याचं घर, दारात बाभळ, आणि बाभळीखाली शेंगा निवडत बसलेली म्हातारी.

"कुठनं आलायसा?"

"विट्याहून. सोपान वर व्हता तवा मी खालच्या तळावर हुतो, मावशी. रोज सांजंला फोनवर बोलायचा माझ्याशी."

तिनं सूप बाजूला ठेवलं आणि डोळ्यांवर हात धरून माझ्याकडं निरखून पाहिलं. "आचारी व्हय तुमी?"

मी हातातली पिशवी जमिनीवर ठेवली.

"पत्रात लिव्हायचा की तुमचं. आमी वर डबं खातो, पर खाली एक आचारी हाय, रोज काय शिजवलं ते सांगतो, त्येच्यावरच माझं प्वाट भरतं. खाली उतरलो की पैलं त्येच्या हातचं वांगं खानार म्हनायचा." ती उठली, गुडघ्यावर हात टेकत. "किती वरसं वाटायचं, त्या मानसाला बघावं एकदा. बसा. पानी आनते."

तिनं तांब्या आणून दिला. मी पाणी प्यालो. मग पिशवीतून फडकं काढलं, पिस्टन तिच्यासमोर सुपाशेजारी ठेवला आणि सांगायला लागलो. खाली वांगं कधी शिजलंच नव्हतं, तिथून सुरुवात केली.